घटनासंदेश आणि अर्थभरण : प्रस्तावना

वेगवेगळ्या ठिकाणी चालणारे, वेगवेगळ्या संस्थांच्या मालकीचे आणि वेगवेगळ्या काळात घडवलेले संगणकीय भाग एकाच कामात सहभागी होतात, तेव्हा त्यांच्यातील जोडणी जितकी सैल तितके त्यांतील एखादा भाग बदलणे सोपे जाते, हे तत्त्व गेल्या काही दशकांत सॉफ्टवेअरच्या रचनेत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. अशी सैल जोडणी साधण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे घटनासंदेश. काही घडले, की ज्या भागात ते घडले त्याने त्याची एक छोटी नोंद प्रसारित करायची आणि ती कोणी वाचावी, केव्हा वाचावी, वाचून काय करावे या प्रश्नांत पडायचे नाही, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. मात्र नोंद जितकी छोटी आणि तिचा जनक वाचकांविषयी जितका उदासीन, तितका त्या नोंदीचा अर्थ वाचकाच्या पदरात कमी पडतो. ही उणीव कोठे, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने भरून काढावी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय असून त्या क्रियेस येथे ‘अर्थभरण’ अशी संज्ञा योजली आहे.

घटनासंदेशांच्या या पद्धतीत तीन पात्रे असतात: नोंद प्रसारित करणारा प्रकाशक, विशिष्ट प्रकारच्या नोंदींची मागणी नोंदवून ठेवणारा वर्गणीदार आणि या दोहोंमध्ये उभा असलेला मध्यस्थ. बाजार समितीच्या आवारातील अडत्यामुळे माल पिकवणारा आणि माल नेणारा एकमेकांस न ओळखताही व्यवहार करू शकतात, तसेच काम हा संगणकीय मध्यस्थ करतो. पॅट्रिक युगस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या, आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या आढाव्यात या पद्धतीतील मोकळीक तीन प्रकारची सांगितली आहे. दोन्ही बाजूंना परस्परांचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नसते, ही स्थळाची मोकळीक. दोघे एकाच वेळी कार्यरत असण्याची गरज नसते, ही काळाची. आणि संदेश पाठवताना किंवा स्वीकारताना कोणालाही हातचे काम थांबवावे लागत नाही, ही समन्वयाची. या यादीत अर्थाची मोकळीक नव्हती. संदेशातील प्रत्येक शब्दाचा, एककाचा व संकेताचा अर्थ दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेला आहे, असे त्यात गृहीतच होते. ती चौथी मोकळीक स्वतंत्रपणे अभ्यासावी असा आग्रह पुढच्या दशकात आयर्लंडमधील गॉलवे येथील सुलेमान हसन व एडवर्ड करी या संशोधकांनी धरला आणि अर्थभरण हे वर्गणीदाराने घरी करावयाचे काम न मानता घटनाप्रक्रियेचेच अंग मानावे, अशी मांडणी केली.

हा प्रश्न बँका आणि मोठ्या व्यापारी कंपन्या यांच्यापुरता मर्यादित आहे, असा समज होऊ नये म्हणून येथील उदाहरणे सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याच्या परिसरातून घेतली आहेत. माण नदीच्या काठचा हा कमी पावसाचा तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. या पिकाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापूर येथे स्थापन झाले आणि सोलापूर डाळिंबास पुढे भौगोलिक मानांकनही लाभले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, तेव्हा एकाच गाडीत फ्लॉवर, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा यांच्याबरोबर द्राक्षे, डाळिंबे व सीताफळेही होती, वाटेतील स्थानकांवर माल चढवण्या-उतरवण्याची सोय होती आणि फळे व भाज्यांच्या वाहतूकभाड्यात ५० टक्के सवलत होती. बागेतील तोडणी, पेटी भरणे, स्थानकावरील नोंदणी, सवलतीची आकारणी, गाडीचे प्रस्थान, पलीकडे उतरवणी आणि तेथील विक्री यांतील प्रत्येक टप्पा ही एक घटना होय आणि तिची नोंद ठेवणारा भाग निराळा. शेतकरी, अडत्या, रेल्वे, अनुदान देणारे मंत्रालय आणि दूरच्या बाजारातील खरेदीदार यांनी मिळून एकच प्रणाली उभारावी, ही अपेक्षा व्यवहारात कधीच पुरी होणार नाही, आणि ती होऊ नये हेच बरे. म्हणूनच सैल जोडणी येथे केवळ रचनेच्या आवडीनिवडीचा भाग नसून परिस्थितीने घालून दिलेली अट आहे.

अशा साखळीतून ‘सांगोला, डाळिंब, ४०, क्वीन’ एवढाच संदेश आला असे मानले, तर त्यातील चारही शब्द अपुरे ठरतात. सांगोला म्हणजे नगर, तालुका, रेल्वे स्थानक, बाजार समिती की विधानसभा मतदारसंघ, हे संदेश सांगत नाही, शिवाय याच नावाचे ‘सांगोले’ असे रूपही कागदोपत्री आढळते. चाळीस हा आकडा पेट्यांचा, क्रेटचा की क्विंटलचा, हे आवारात उभ्या असलेल्या माणसास विचारावे लागत नाही, पण शालिमारच्या संगणकास ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ‘क्वीन’ हा व्यापारातील आकारवर्ग साधारण ४०० ते ५०० ग्रॅम वजनाच्या फळाचा मानला जातो, तर शासकीय प्रतवारीत वजनाच्या किमान मर्यादेवर आधारलेले अक्षरी वर्ग वापरतात, आणि या दोन पट्ट्यांच्या सीमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. डाळिंबास हिंदी पट्ट्यात अनार म्हणतात. निर्यातीसाठी बागांची नोंद ठेवणाऱ्या अपेडाच्या प्रणालीचे नावही ‘अनारनेट’ असेच आहे.

यांपैकी स्थळनामाचा आणि एककाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नावाऐवजी सर्वांनी मान्य केलेला स्थिर संकेतांक वापरला, की स्थळाचा गोंधळ बराचसा मिटतो, आणि हा उपाय किती आवश्यक आहे हे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले तेव्हा दिसून आले, कारण जुन्या नोंदी एका नावाने आणि नव्या दुसऱ्या नावाने पडत असताना त्या एकाच भूभागाच्या आहेत हे केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्रास समजणे शक्य नव्हते. एकक संदेशातच लिहावे, हा नियमही शंभरदा सांगून झालेला आहे. तो पाळला जात नाही, ही गोष्ट निराळी.

खरा कठीण भाग त्यापुढे सुरू होतो, जेथे आकडा बिनचूक, एकक स्पष्ट आणि स्थळ निःसंदिग्ध असूनही अर्थ ठरत नाही. पावसाची नोंद हे त्याचे अतिशय बोलके उदाहरण आहे. महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळ हे एकक धरून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आणि ती दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांची मोजणी करतात. आता समजा, एखाद्या मंडळात २० सप्टेंबरच्या रात्री दहापासून २१ तारखेच्या पहाटे चारपर्यंत ८० मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातील ४२ मिलिमीटर मध्यरात्रीपूर्वी व ३८ मिलिमीटर नंतर पडला. महाराष्ट्रात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानून नुकसानीच्या मदतीचा विचार होतो. ज्या संगणकाने दिवस मध्यरात्री बदलतो असे मानले, त्याच्या लेखी ४२ आणि ३८ असे दोन दिवस आले आणि अतिवृष्टी झालीच नाही. ज्याने सार्वत्रिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच वाजता दिवस बदलला, त्याच्या लेखी संपूर्ण ८० मिलिमीटर २० तारखेच्या खात्यात पडले. भारतीय हवामानशास्त्राच्या रीतीने सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ हा पावसाचा दिवस मानला आणि मोजणी ज्या सकाळी संपते ती तारीख लावली, तर तोच ८० मिलिमीटर पाऊस २१ तारखेचा ठरला. तिन्ही ठिकाणी पोहोचलेले मूळ संदेश अक्षरशः एकच होते, त्यांत एकही चूक नव्हती, तरी एका ठिकाणी शेतकरी मदतीच्या कक्षेबाहेर राहिला आणि उरलेल्या दोन ठिकाणी पंचनाम्याच्या कागदावर वेगवेगळ्या तारखा उमटल्या.

या उदाहरणातून अर्थभरणाची एक कसोटी हाती येते. पर्जन्यमापकाने पाठवलेली दहा मिनिटांची नोंद आणि ‘अतिवृष्टी झाली’ हे विधान या दोन भिन्न जातींच्या घटना आहेत. पहिली निरीक्षण आहे, दुसरी निष्कर्ष आहे. निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंत जाताना दिवस कसा मोजला, कोणत्या मंडळाचा मापक धरला, कोणत्या निकषाची कोणती आवृत्ती लावली, ही माहिती बाहेरून जोडावी लागते आणि ती जोडली आहे याची खूण निष्कर्षावर राहिली पाहिजे. डेव्हिड लकहॅम यांनी २००२ सालच्या आपल्या ग्रंथात अनेक साध्या घटनांच्या संगतीतून वरच्या पातळीची ‘संयुक्त घटना’ कशी घडवावी याचा पाया घातला. परंतु संगती लावण्यापूर्वी प्रत्येक साध्या घटनेस संदर्भ जोडण्याचे काम त्या परंपरेत बराच काळ दुय्यम राहिले.

संदर्भ म्हणजे नेमके काय, हेही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. आर्द्रता ८५ टक्के, ही एकच नोंद तीन वर्गणीदारांपर्यंत गेली असे धरता येईल. संशोधन केंद्रास ती दीर्घ मालिकेतील एक बिंदू म्हणून हवी असते आणि तिला फारशा संदर्भाची गरज नसते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत तिचा अर्थ त्या बागेचा बहार कोणता आणि विम्याने संरक्षित केलेला कालावधी चालू आहे की नाही, यावर अवलंबून असतो. पीकसल्ला देणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने प्रश्न तेल्याचा असतो. डाळिंबावरील हा जिवाणूजन्य रोग उष्ण-दमट हवेत बळावतो आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, म्हणून जूनच्या आसपास धरलेल्या मृग बहारातील कोवळ्या फळांसाठी पावसाळ्यातील ही आर्द्रता धोक्याची सूचना ठरते. त्याच आठवड्यात शेजारची बाग ताणावर ठेवलेली असेल, म्हणजे पुढील हस्त बहारासाठी पाणी तोडलेले असेल, तर तेथे सल्ला निराळाच द्यावा लागतो. हवामान केंद्रास बहार ठाऊक नसतो, ठाऊक असण्याचे कारणही नाही. तो त्याच्या संदेशात घातला, तर उद्या विमा योजनेची अट बदलताच हवामान केंद्राचे सॉफ्टवेअर बदलावे लागेल आणि ज्या सैल जोडणीसाठी एवढा खटाटोप केला ती पुन्हा घट्ट होईल.

म्हणूनच प्रकाशकाने संदेश भरगच्च करावा की किरकोळ ठेवावा, हा रचनाकारांमधील जुना वाद एका बाजूने सुटणारा नाही. भरगच्च संदेशात वाचकास लागेल ते सारे असते, पण कोणते वाचक येणार आहेत हे प्रकाशकाने आधीच ओळखावे लागते. किरकोळ संदेशात केवळ ‘बदल झाला’ एवढे कळते आणि प्रत्येक वाचक तपशील विचारायला पुन्हा मुळाकडे धावतो, त्यामुळे काळाची मोकळीक हातची जाते, कारण मूळ भाग त्या क्षणी चालू असावाच लागतो. प्रस्तुत विवेचनाचा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे: प्रकाशकाने आपल्यास निश्चित ठाऊक असलेलेच सांगावे, वर्गणीदाराने आपल्या मागणीबरोबर आपल्याला कोणता संदर्भ हवा हेही सांगावे, आणि तो संदर्भ संदर्भकोशातून आणून जोडण्याचे काम मध्यस्थाच्या पातळीवर एकदाच व्हावे. आज बहुतेक ठिकाणी हेच काम प्रत्येक वर्गणीदार आपापल्या पदरच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये करतो; पाच वर्गणीदार असतील तर गाव-मंडळ यांची यादी पाच ठिकाणी नकलून ठेवलेली असते आणि त्या पाचही याद्यांचे वय निराळे असते.

संदर्भाची मांडणी करण्यासाठी जी साधने उपलब्ध आहेत त्यांचा येथे ओझरता निर्देश पुरे. संदेशाचे बाह्य पाकीट, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, उगम व प्रकार, एकसारखे करण्यासाठी २०१९ मध्ये ‘क्लाउडइव्हेंट्स’ या प्रमाणाची पहिली स्थिर आवृत्ती आली. पाकिटातील मजकुराच्या अर्थाशी त्यास कर्तव्य नाही, आणि ते तसे सांगतेही. मजकुराच्या बाजूने ‘ऑन्टॉलॉजी’, म्हणजे एखाद्या क्षेत्रातील वस्तू, त्यांचे प्रकार आणि परस्परसंबंध यांची यंत्रास वाचता येईल अशी मांडणी, हे मुख्य साधन होय. वर्ल्ड वाइड वेब संघटनेने २०१७ मध्ये मान्य केलेल्या संवेदकविषयक ऑन्टॉलॉजीत संवेदक, निरीक्षण, निरीक्षणाचा गुणधर्म आणि तो गुणधर्म ज्याचा आहे ती वस्तू, यांत काटेकोर भेद केला आहे. हवा मंडळाच्या ठाण्याची मोजली आणि निष्कर्ष बागेविषयी काढला, ही सर्रास होणारी सरमिसळ त्या भेदामुळे निदान उघडी पडते. मालाच्या प्रवासासाठी जीएस१ या संस्थेचे ‘ईपीसीआयएस’ हे प्रमाण २००७ पासून प्रचारात असून त्यात प्रत्येक घटनेस काय, कोठे, केव्हा आणि का हे चार प्रश्न विचारलेले असतात. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीने त्यात संवेदकांच्या नोंदींना, म्हणजे माल कोणत्या स्थितीत होता या पाचव्या प्रश्नास जागा दिली. डाळिंबाच्या पेटीसाठी ‘का’ हा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण पेटी शीतगृहात आली ती साठवणीसाठी, तपासणीसाठी की परत पाठवलेली म्हणून, हे स्थळ आणि वेळ यांवरून कधीच कळत नाही.

सर्वांनी एकच ऑन्टॉलॉजी मान्य केली तर प्रश्न सुटेल, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो चौथ्या मोकळिकीवरच घाव घालतो. शेकडो प्रकाशकांनी एकाच शब्दसंग्रहास बांधून घेणे म्हणजे अर्थाच्या पातळीवरची घट्ट जोडणीच होय. त्यावर हसन व करी यांनी सुचवलेला उपाय अदमासे जुळणीचा आहे: दोन शब्द मोठ्या ग्रंथसंग्रहात, त्यांच्या प्रयोगांत विकिपीडियामध्ये, कोणत्या संदर्भांत येतात यावरून त्यांतील अर्थसाम्य मोजायचे आणि ठराविक मर्यादेपेक्षा ते अधिक असेल तर संदेश मागणीशी जुळला असे मानायचे. मोठा लिखित मजकूर उपलब्ध असलेल्या भाषांत हा उपाय चांगला चालतो. मराठीतील शेतीविषयक बोलीस तो जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे, कारण तेल्या, मर, ताण, बहार, डागी असे शब्द बांधावर रोज वापरात असले तरी महाजालावर त्यांचा लिखित वापर थोडा आणि अन्य अर्थांनी गढूळ झालेला असतो; अशा वेळी कृषी सहायक, बागायतदार आणि संशोधक यांनी मिळून हाताने केलेली काहीशे शब्दांची सूची कोणत्याही गणिती अंदाजापेक्षा भरवशाची ठरेल. अदमासे जुळणी वापरलीच, तर तिचा विश्वासांक निष्कर्षाबरोबर पुढे गेला पाहिजे. ‘बहुधा तेल्याचा धोका’ या निष्कर्षावर फवारणीचा सल्ला देता येईल, विम्याचा दावा मात्र फेटाळता येणार नाही.

अर्थभरणाची किंमत हा या विषयातील सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. मध्यस्थाने संदर्भकोशातून माहिती आणली, की संदेश त्या कोशावर अवलंबून झाला; म्हणजे प्रकाशक आणि वर्गणीदार यांच्यातील जोडणी नाहीशी झाली नाही, तर ती तिसऱ्या ठिकाणी सरकली. हे सरकणे फायद्याचेच असते, कारण एका ठिकाणची जोडणी सांभाळणे पंचवीस ठिकाणच्या जोडण्यांपेक्षा सोपे. परंतु तो कोश शिळा झाला की त्यावर विसंबलेले सारे निष्कर्ष एकदमच चुकतात, आणि तेही कोणास न जाणवता. महाराष्ट्रात अशा कोशाचा नैसर्गिक उमेदवार म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी, जिच्यात शेतकरी स्वतः मोबाइलवरून गटावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढतो आणि ती नोंद पुढे सातबाऱ्यावर जाते. गट नंबरावरून पीक, पिकावरून बाग आणि बागेवरून बहार अशी साखळी तेथून बांधता येईल. तथापि ती नोंद हंगामातून एकदा होते, आर्द्रतेची नोंद दर दहा मिनिटांनी. आणि पाहणी होण्यापूर्वी आलेल्या संदेशांस गेल्या हंगामाचाच संदर्भ जोडला जाईल.

यास्तव संदर्भकोशातील प्रत्येक विधानास दोन काळ असावे लागतात: ते वस्तुस्थितीत केव्हापासून केव्हापर्यंत खरे होते आणि प्रणालीस केव्हा कळले. मंडळाची पुनर्रचना होऊन एखादे गाव नव्या मंडळात गेले, किंवा चुकीची पीक पाहणी तलाठ्याने मागाहून दुरुस्त केली, तर पहिल्या काळामुळे जुन्या घटनेस तिच्या वेळचाच संदर्भ लागतो आणि दुसऱ्यामुळे तेव्हा दिलेला निष्कर्ष त्या वेळच्या माहितीनुसार योग्य होता की नाही, हे तपासता येते. मूळ निरीक्षण कधीही खोडू नये, भरलेला अर्थ त्याच्याशेजारी वेगळा ठेवावा आणि दुरुस्ती झाल्यास ती स्वतंत्र घटना म्हणून प्रसारित व्हावी, ही शिस्त लेखापालनात शतकानुशतके पाळली जाते. घटनासंदेशांच्या प्रणालींत ती अजून पुरती मुरलेली नाही. दुरुस्तीची घटना आली, की आधी काढलेले कोणते निष्कर्ष पुन्हा काढायचे, त्यांवर विसंबून ज्यांनी पुढे पैसे दिले, माल नाकारला किंवा फवारणी केली त्यांच्यापर्यंत ती कशी पोहोचवायची, आणि वर्गणीदार कोण हे जेथे प्रकाशकास ठाऊकच नसते तेथे पोहोचली की नाही याची खात्री कोणी करायची, हे प्रश्न आजही संशोधनाच्या आणि व्यवहाराच्या दोन्ही बाजूंनी मोकळे आहेत.